पर्यावरणावर खर्च झालेल्या पैशाचं पुढे काय झालं, हे तपासणारी पण एक नोकरी असते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

करिअरबद्दल आपल्या पेपरात जे लेख येतात ते मी आवडीने वाचते, आणि पर्यावरणात काहीतरी करायचंय अशा मुलांसाठी आता बरंच लिहिलं जातंय हे बघून बरं वाटतं. पण त्यात तेच ते येतं, वन्यजीव अभ्यास, सोलर, पर्यावरण इंजिनिअरिंग, कंपन्यांचे ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभाराबद्दलचे रिपोर्ट, फारतर क्लायमेट पॉलिसी. या सगळ्यावर जो पैसा खर्च होतो त्याचा उपयोग झाला की नाही हे तपासणारं एक आख्खं क्षेत्र आहे, त्यात रीतसर नोकऱ्या आहेत, पण त्यावर कुठे काही वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय याची कल्पना आहे, कापलंत तरी चालेल, फक्त खाली ऑडिटबद्दल जे लिहिलंय तेवढं ठेवा ही विनंती.

मी पर्यावरण आणि आंतरराष्ट्रीय विकास या क्षेत्रात इव्हॅल्युएशन ॲनालिस्ट आहे, मराठीत मूल्यमापन विश्लेषक म्हणूया. नातेवाईक विचारतात की म्हणजे तू नक्की करतेस काय, तर सांगते. जंगल वाचवायला, पिण्याच्या पाण्याला, धूर न करणाऱ्या चुलींना, हवामान बदलाशी जुळवून घ्यायला मोठमोठ्या फंडांतून आणि बँकांतून गरीब देशांकडे पैसा जातो. त्या पैशाने खरंच काही बदललं का, बदललं असेल तर कुणासाठी बदललं, आणि मुख्य म्हणजे तो बदल त्या प्रोजेक्टमुळे झाला की तो तसाही होणारच होता, हे पुराव्यानिशी शोधायचं आणि लिहून द्यायचं. हिशेब जुळतो का ते बघणं वेगळं, ते ऑडिटर बघतात. पैसा अगदी पै न पै कागदाप्रमाणे खर्च झाला आणि तरी जमिनीवर काहीच फरक पडला नाही असं होऊ शकतं, आणि आमचं काम नेमकं तिथून सुरू होतं.

हे जे "तसाही होणारच होता" आहे ना, यातच आमचं निम्मं डोकं खर्ची पडतं. कोस्टा रिकाचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव जंगलं यासाठी या छोट्या देशाचं जगभर नाव आहे. आता राखीव जंगलात तोड कमी आणि बाहेर जास्त असं दिसलं की कुणीही म्हणेल चला, संरक्षण यशस्वी झालं. पण राखीव क्षेत्रं बहुतेक वेळा कुठे असतात बघा, डोंगरउतारावर, रस्त्यापासून लांब, जिथे जमीन शेतीला फारशी बरी नाही अशा जागी, म्हणजे जिथे तसंही कुऱ्हाड घेऊन फारसं कुणी जाणार नव्हतं. पॉल फेरारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात त्यांनी उतार, रस्त्याचं अंतर, जमिनीची प्रत वगैरे बाबतीत एकमेकींसारख्या असलेल्या राखीव आणि बिनराखीव जमिनींच्या जोड्या लावून तुलना केली. तेव्हा निघालं की संरक्षण नसतं तर त्या राखीव जंगलातलं साधारण १० टक्के तुटलं असतं, आणि नेहमीची सरळसोट तुलना हा फायदा ६५ टक्क्यांहून जास्त फुगवून सांगत होती. १० टक्के जंगल वाचलं ही चांगलीच गोष्ट आहे, ते कमी लेखायचं कारण नाही, पण पुढचं उद्यान कुठे करायचं हे ठरवताना खरा आकडा हातात असणं आणि फुगवलेला असणं यात जमीनअस्मानाचा फरक पडतो. फुगवलेला आकडा धरला तर तुम्ही पुन्हा पुन्हा सोप्या, दूरच्या, धोका नसलेल्या जागाच राखीव करत बसाल.

या "नसतं तर काय झालं असतं" ला आमच्याकडे काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. नाव जड आहे पण कल्पना कुणालाही कळेल अशी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजायचं काय. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानात एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावली, एका तासात एका जागी सगळ्यात जास्त रोपं लावल्याचा विक्रमही झाला, जगभर बातम्या आल्या. काही महिन्यांतच तिथल्या शेती आणि वन कामगारांच्या युनियनने सांगितलं की त्यांनी पाहणी केलेल्या ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत रोपं मेलीत, सरकारने ते साफ नाकारलं आणि बहुतेक रोपं जिवंत आहेत असं म्हटलं. आता रोप लावलं हे आउटपुट, जगलं हे आउटकम, आणि त्यामुळे पुढे कधीतरी माती धरली गेली, पाणी मुरलं, तिथल्या माणसांचं काही भलं झालं तर तो इम्पॅक्ट. विक्रम नेहमी पहिल्याचे होतात कारण ते त्याच दिवशी मोजता येतं आणि फोटोही मिळतो. कोणती रोपं, किती वर्षांनी, कोण आणि कसं मोजणार हे खड्डा खणायच्या आधी लिहून ठेवलं तर असले वाद उरतच नाहीत. हे लिहून ठेवायला लावणं, प्रोजेक्टच्या कागदात "जनजागृती वाढली" असले मोघम शब्द आले की ते कसं मोजणार असं विचारणं, हेपण ॲनालिस्टचंच काम. आउटपुटपासून इम्पॅक्टपर्यंतच्या या साखळीचा जो तक्ता असतो त्याला लॉगफ्रेम म्हणतात, तो १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी तयार झाला आणि आज जवळजवळ सगळेच वापरतात. माझं मत विचाराल तर तो चांगला नोकर आहे आणि वाईट मालक. चौकटी भरायच्या नादात लोक असंच का झालं हे विचारायचं विसरतात.

वाचून असं वाटेल की आम्ही फक्त वाईट बातम्या देतो. तसं अजिबात नाही. युगांडामध्ये खासगी जंगलमालकांना जंगल न तोडण्याबद्दल हेक्टरमागे वर्षाला ७० हजार युगांडन शिलिंग देऊन बघितले, १२१ गावं होती आणि कुठल्या गावांना योजना द्यायची हे सोडतीने ठरवलं होतं. दोन वर्षांत योजना नसलेल्या गावांत झाडांचं आच्छादन ९.१ टक्के कमी झालं आणि योजना असलेल्या गावांत ४.२ टक्के. सीमा जयचंद्रन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये आला. बघा, योजना असलेल्या गावांतही झाडं कमीच झाली, म्हणजे नुसतं आधी आणि नंतर बघितलं असतं तर कुणीही म्हटलं असतं की पैसे देऊनसुद्धा तोड सुरूच राहिली, योजना फेल. सोडत काढून तुलना केली म्हणून कळलं की तोड जवळजवळ निम्म्यावर आली. चांगलं मूल्यमापन चालणाऱ्या योजनेला वाचवतंसुद्धा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि ओडिशातल्या सुधारित चुलींचा अभ्यास. प्रयोगशाळेत चूल कमी धूर करते हे सिद्धच होतं. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी घराघरात काय होतं ते चार वर्षं बघितलं. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला, नंतर तो फरक नाहीसाच झाला, कारण लोक ती चूल नेमाने वापरत नव्हते, तिची देखभाल करत नव्हते, बिघडली की तशीच पडून राहायची. आता यात चूक कुणाची हे शोधायचं नसतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला ती चूल का सोयीची नव्हती हे तिला विचारायचं असतं, आणि त्यासाठी आकड्यांचं शिक्षण पुरत नाही, तिच्याशी बोलता यावं लागतं, ती गप्प बसली तर त्या गप्प बसण्याचाही अर्थ लावता यावा लागतो. फोकस ग्रुपमध्ये, म्हणजे काही जणांना एकत्र बसवून केलेल्या चर्चेत, गावातला मोठा माणूस शेजारी बसलेला असेल तर ती "चांगली आहे चूल" असंच म्हणणार. म्हणून बायकांशी वेगळं बोलायचं, प्रश्न त्यांच्या भाषेत नेऊन परत उलटा अनुवाद करून तपासायचे, संमती घ्यायची आणि ती नको म्हणाली तर खरंच उठून यायचं. हे सगळं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये येत नाही.

आता ऑडिटचा भाग, ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र आहे.

गुजरातमध्ये जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून प्रदूषणाची तपासणी करून घ्यावी लागायची, आणि तो ऑडिटर कारखानदारच निवडायचा, पैसेही तोच द्यायचा. म्हणजे परीक्षार्थीनेच परीक्षक नेमायचा आणि त्याची फीही भरायची. व्हायचं तेच झालं, बरेचसे आकडे मर्यादेच्या जेमतेम खाली येऊन बसायचे. मग डुफ्लो, ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. काही कारखान्यांसाठी ऑडिटर सोडतीने नेमले, त्यांना एका सामायिक निधीतून ठरलेली फी दिली, आणि त्यांनी घेतलेल्या मोजण्यांपैकी काही दुसऱ्या टीमकडून पुन्हा तपासल्या. ऑडिटर खरं लिहायला लागले. आणि पुढची गोष्ट अजून मोठी, त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. २०१३ मध्ये हा अभ्यास छापून आला. नियम बदलला नव्हता, मशीन नवीन आलं नव्हतं, ऑडिटर म्हणून माणसंही त्याच धंद्यातली होती, फक्त त्यांना कोण नेमतं, पैसे कोण देतं आणि त्यांचं काम कोण तपासतं हे बदललं.

ही गोष्ट मी या क्षेत्रात येऊ बघणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण आमच्या कामात हाच प्रश्न रोज असतो. खूप मूल्यमापनं अशी होतात की ज्या संस्थेचा प्रोजेक्ट तीच संस्था सल्लागार नेमते, पुढचं काम मिळणार की नाही हेपण तिच्याच हातात. मसुदा पाठवला की कमेंट्सचा मोठा तक्ता परत येतो. त्यातल्या अर्ध्या कमेंट्स फार मोलाच्या असतात, इथे तारीख चुकली, हा आकडा जुना आहे, या गावाचं नाव वेगळं आहे, त्या दुरुस्त करायच्याच आणि आभार मानून करायच्या. उरलेल्यांत मात्र "साध्य झालं नाही" च्या जागी "अंशतः साध्य" लिहा, मग "अंशतः" पण काढा, हे वाक्य सारांशातून उचलून परिशिष्टात टाका असं असतं. मी एक नियम पाळते आणि माझ्यासोबतच्या ज्युनिअर मुलांनाही सांगते, निष्कर्ष बदलायचा असेल तर नवीन पुरावा द्या, पुरावा आला तर आजच बदलू, नाही आला तर तुमचं मत वेगळं आहे असं तळटीपेत तुमच्या नावाने छापू. यावरून एका मोठ्या संस्थेतल्या अधिकाऱ्याने माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. तरीही मी हेच म्हणेन, कारण ते "अंशतः" एकदा ढिलं सोडलं की पुढच्या देशात तोच प्रोजेक्ट "यशस्वी मॉडेल" म्हणून जातो आणि तिथल्या लोकांची पाच वर्षं जातात.

म्हणूनच मोठ्या संस्थांनी आपली मूल्यमापन कार्यालयं मॅनेजमेंटपासून वेगळी केलीत. जागतिक बँकेत रॉबर्ट मॅकनामारा अध्यक्ष असताना १९७० मध्ये हे काम एका छोट्या युनिटने सुरू झालं, आज तिथला स्वतंत्र मूल्यमापन गट थेट संचालक मंडळाला रिपोर्ट करतो. पर्यावरणासाठी पैसा देणाऱ्या जीईएफचं म्हणजे ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटीचं कार्यालय त्यांच्या कौन्सिलला, ग्रीन क्लायमेट फंडाचं त्यांच्या बोर्डाला. आपल्याकडे तर नियोजनाच्या सुरुवातीच्या काळातच, १९५२ मध्ये, योजनांच्या मूल्यमापनासाठी केंद्राने वेगळी संघटना काढली होती, जागतिक बँकेच्या कितीतरी आधी. पण रचना वेगळी असणं आणि माणूस ठाम असणं दोन्ही लागतं. कौन्सिलला रिपोर्ट करणारा ॲनालिस्टसुद्धा भिडस्त असेल तर रिपोर्ट गुळमुळीतच येणार.

आता रोजचं काम कसं असतं ते, कारण लोकांना वाटतं की आम्ही सतत विमानात असतो आणि जंगलात हिंडतो. ॲनालिस्टच्या पातळीवर बहुतेक वेळ खुर्चीत जातो. आधी टीओआर येतो म्हणजे कामाची व्याप्ती आणि कोणते प्रश्न विचारायचे ते. त्यावरून इन्सेप्शन रिपोर्ट म्हणजे काम कसं करणार ते सांगणारा सुरुवातीचा अहवाल, त्यात प्रत्येक प्रश्नासमोर पुरावा कुठून आणणार याचा तक्ता. मग कागदपत्रं, प्रोजेक्टचा मूळ प्रस्ताव, दरवर्षीचे प्रगती अहवाल, मध्यावधी आढावा, कधीकधी एका मूल्यमापनासाठी शेकडो प्रोजेक्टांची कागदपत्रं वाचून एका ठरलेल्या नमुन्यात भरायची असतात, आणि हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य करूनही मी म्हणेन की खरी समज तिथेच येते, कारण दहाव्या वर्षीच्या अहवालात जे कारण दिलंय ते पहिल्या वर्षीच्या जोखमीच्या यादीत होतंच हे तिथे दिसतं. मग मुलाखती, सर्व्हे, डेटा क्लीनिंग (यातच सगळ्यात जास्त दिवस जातात, कुणी काही सांगो), मग तीन वेगवेगळ्या ठिकाणचा पुरावा एकच सांगतोय का ते बघणं, मग लिहिणं. निकष बऱ्याच अंशी ठरलेले असतात, श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या विकास समितीने १९९१ मध्ये मांडलेले पाच, म्हणजे समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, परिणाम आणि टिकाऊपणा, आणि २०१९ मध्ये त्यात सहावा आला, इतर धोरणांशी सुसंगती. पर्यावरणात मला हा सहावा फार कामाचा वाटतो. एकाच देशाला एक फंड जंगल वाचवायला पैसे देतो आणि दुसरी बँक त्याच जंगलातून रस्ता काढायला, असं होतं, आणि दोघांचेही रिपोर्ट स्वतंत्र वाचले तर दोघंही पास.

पर्यावरणाच्या बाजूला एक मोठी सोय म्हणजे उपग्रह. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचे फोटो १९७२ पासूनचे आहेत आणि २००८ मध्ये ते सगळ्यांना फुकट झाले, २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे १० मीटरपर्यंतचे बारकावे दाखवणारे फोटो मिळतात. म्हणजे प्रोजेक्ट सुरू होताना कुणी बेसलाइन म्हणजे सुरुवातीची मोजणी घेतली नसेल (हे दुर्दैवाने फार वेळा होतं) तरी मागे जाऊन जंगल किती होतं ते बघता येतं. पण उपग्रहावर आंधळा विश्वास ठेवू नका. त्याला तेलताडाची बाग पण झाडंच दिसते आणि मूळचं जंगल पण झाडंच. पावसाळी देशांत महिनोन्महिने ढग असतात. आणि झाडं का तुटली हे फोटो कधीच सांगत नाही. कार्बन क्रेडिटचं, म्हणजे दुसरीकडे कार्बन वाचवल्याबद्दल कंपन्या जे प्रमाणपत्र विकत घेतात त्याचं, जे झालं ते बघा, जंगलतोड थांबवल्याच्या नावावर क्रेडिट विकणाऱ्या सहा देशांतल्या २६ प्रोजेक्टांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. हे प्रोजेक्ट नसते तर किती जंगल तुटलं असतं याचा अंदाज प्रोजेक्टवाल्यांनी स्वतःच मांडलेला होता. अभ्यासकांनी तशाच दुसऱ्या जमिनींशी तुलना केली तेव्हा बहुतेक प्रोजेक्टांत जंगलतोड ठळकपणे कमी झालेली दिसलीच नाही, आणि जिथे झाली तिथेही दाव्यापेक्षा खूपच कमी. कंपन्या तीच क्रेडिट घेऊन आम्ही कार्बन न्यूट्रल आहोत अशा जाहिराती करत होत्या. हे वाचून मला राग येतो आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

शिक्षणाबद्दल विचारणा होते म्हणून थोडं. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र, पब्लिक पॉलिसी, कुठूनही येता येतं, मास्टर्स बहुतेक ठिकाणी लागतंच, ॲनालिस्टच्या जागेला पीएचडी लागतेच असं नाही. आर किंवा स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी एक नीट यायला हवं, जीआयएस म्हणजे नकाशावर माहिती मांडून तपासायचं तंत्र आलं तर फार उपयोग, आणि इंग्लिशबरोबर फ्रेंच किंवा स्पॅनिश येत असेल तर अर्जांच्या ढिगाऱ्यातून तुम्ही वर येता कारण आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतलं काम त्या भाषांत चालतं. सर्टिफिकेटं गोळा करत बसू नका. त्यापेक्षा एखाद्या सर्व्हेच्या टीमबरोबर फिल्डवर राबा, डेटा कसा गोळा होतो आणि कुठे बिघडतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे आयुष्यभर एक्सेलमधला आकडा बघताना हात थबकतो. विकास योजनांचा परिणाम तपासणाऱ्या जे-पॅल, थ्रीआयई अशा संस्थांत रिसर्च असोसिएट म्हणून सुरुवात करणारे बरेच असतात. संयुक्त राष्ट्रांत सुरुवातीच्या पी-२ जागेला साधारण मास्टर्स आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, यूएन व्हॉलंटिअर म्हणूनही आत जाता येतं. आणि लिहिता आलं पाहिजे! साधं, नेमकं, एका वाक्यात एक गोष्ट असं. मी किती हुशार मुलांचे ड्राफ्ट बघते ज्यात सगळं गणित बरोबर असतं आणि काय सापडलं तेच कळत नाही.

पालकांनी हेही ऐकावं की ही पक्की नोकरी सहसा नसते. बरंचसं काम कन्सल्टंट म्हणून, ठरावीक दिवसांच्या करारावर, जागतिक बँकेत छोट्या मुदतीच्या कन्सल्टंटला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त १५० दिवस काम करता येतं, बाकीचे दिवस तुमचे तुम्ही बघा. आणि हे क्षेत्र देणाऱ्या देशांच्या राजकारणावर चालतं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, १ जुलै २०२५ ला यूएसएडचं काम संपवून उरलंसुरलं परराष्ट्र खात्याकडे दिलं, त्यात मूल्यमापनाची कितीतरी कंत्राटं मध्येच तुटली, आणि १९८४ पासून गरीब देशांत चालू असलेल्या डीएचएस या आरोग्य सर्व्हेचा अमेरिकी निधीही गेला, ज्याच्या डेटावर आमच्यातले अर्धे लोक विसंबून होते. चांगले, अनुभवी लोक घरी बसले. हे मी मुद्दाम सांगतेय, म्हणजे या क्षेत्रात येणाऱ्याने सगळं बघून यावं. मदत कमी होणार असेल तर उरलेला प्रत्येक पैसा कुठे लावायचा हे ठरवायला ही माणसं जास्तच लागतील असं माझं म्हणणं आहे, पण काटछाट करणारा मूल्यमापनाचंच बजेट पहिलं कापतो, हेही खरं आहे.

संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं आहे. एखाद्या मोठ्या वृक्षारोपणाची, जलसंधारणाची, क्लायमेट फंडाची घोषणा होते तेव्हा रक्कम आणि उद्घाटनाचा फोटो छापता, त्यासोबत तुमच्या बातमीदाराने चार प्रश्न विचारावेत. बेसलाइन घेतली का, मूल्यमापन कधी आणि कोण करणार, त्याचे पैसे कोण देणार, आणि रिपोर्ट जसाच्या तसा लोकांसमोर येणार का. उत्तर नाही मिळालं तर "उत्तर मिळालं नाही" असंच छापा. आणि तीन-चार वर्षांनी त्याच जागी पुन्हा माणूस पाठवा. आमच्या रिपोर्टांची बातमी झाली तर आत बसलेल्या ॲनालिस्टला ठाम राहायला किती बळ मिळतं हे बाहेरून कळणार नाही. आज होतं असं की दोनशे पानांचा रिपोर्ट वेबसाइटवर चढतो आणि तो वाचणारे बहुधा तेच असतात ज्यांना तो नको होता.

आणि या कामाकडे वळावंसं वाटणाऱ्या मुलामुलींना, हे रिपोर्ट फुकट आहेत, जागतिक बँक, जीईएफ, ग्रीन क्लायमेट फंड, सगळ्यांच्या मूल्यमापन कार्यालयांच्या साइटवर मिळतात. एक उघडा, पण सारांशापासून सुरू करू नका. आधी पद्धतीचं प्रकरण वाचा, कुणाला विचारलं, कुणाला नाही, तुलना कशाशी केली. मग निष्कर्ष वाचा आणि स्वतःला विचारा की एवढ्या पुराव्यावर एवढं म्हणता येतं का. शेवटी मॅनेजमेंट रिस्पॉन्स असतो, संस्थेने कोणत्या शिफारशी मान्य केल्या आणि कोणत्या नाही त्याची यादी, ती तर नक्की वाचा, आणि जिथे "अंशतः मान्य" असं लिहिलंय तिथे पेन्सिलने खूण करून पुढच्या वर्षी त्याचं काय झालं ते शोधा.

आपली,
एक नियमित वाचक आणि मूल्यमापन विश्लेषक